वळताना चाकातून घर्रर्र आवाज: तीन बेअरिंग बदलूनही परत येत होता, शेवटी कारण सापडलं

सरळ रस्त्यावर गाडी एकदम गप्प. चाळीसच्या पुढं गेलं आणि जरा उजवीकडं वळवली की पुढून क्लीनर साईडनं, म्हणजे डावीकडनं, घर्रर्र चालू, गिरणीत ज्वारी पडल्यावर दगड बोलतो ना तसा, आणि स्टेअरिंग सरळ केलं की बंद. डावीकडं वळलं तर काहीच नाही. ज्यांच्या गाडीला असलं काही होतंय आणि गॅरेजच्या दोन-तीन फेऱ्या मारून झाल्यात त्यांच्यासाठी लिहितोय, जरा लांबेल, पण मी दोन वर्षं आणि तीन बेअरिंग घालवलीत यात, त्यामुळं सगळंच सांगतो.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ताकद पुढच्या चाकांना, पुढं डिस्क मागं ड्रम. राहायला फुलेवाडी, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, रोजचं जाणं-येणं रिंगरोडनं कळंब्यावरून. आवाजाची सुरुवात जुलै २०२१ च्या महापुरानंतरची. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं, पण समोरच्या रस्त्यावर पाणी किती आहे हे कळायला कुठं पट्टी लावलेली नसते. पाणी ओसरत होतं, बहिणीकडं जायचं होतं, बावडा-शिये रोडला पुढची गाडी गेली म्हणून मीपण घातली. निम्मं चाक बुडलं असेल. गाडी बंद पडली नाही म्हणून मी खूष, आणि सप्टेंबरात आवाज चालू.

पाण्याचं आणि बेअरिंगचं वाकडं का ते आधी सांगतो. चाकाचं बेअरिंग सील असतं, आत ग्रीस कंपनीतूनच भरलेलं, वरून भरायची सोय नसते. चालून चालून हब (चाक ज्यावर बोल्टनं बसतं तो भाग) गरम झालेला असतो, तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीसचं ताक होतं, गोळ्यांच्या वाटेवर गंज धरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी आवाज सुरू. म्हणजे पहिलं बेअरिंग गेलं ते माझ्याच करणीनं, त्यात मिस्त्रीचा काही दोष नाही. त्यानं बदललं, दोन तासांत गाडी हातात, आवाज गायब.

एप्रिल २०२२ ला परत तोच आवाज, त्याच बाजूला. मिस्त्री म्हणाला माल लोकल लागला असणार, या खेपेला चांगलं टाकू. टाकलं. जानेवारी २०२३ ला परत. आता मी गॅरेज बदललं, तिथं म्हणाले "रस्ते बघा की आपले, बेअरिंग काय करणार". रस्त्यांबद्दल मी कुणाशी भांडायला जाणार नाही, पण उजव्या बाजूचं बेअरिंग त्याच रस्त्यावर दहा वर्षं गुमान चाललंय, खड्डे काय फक्त डाव्या चाकासाठी खणलेत का? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला पाहिजे होता, पडला पाच महिन्यांनी, जून २०२३ ला, जेव्हा चौथ्यांदा घर्रर्र झालं.

या खेपेला ठरवलं की आधी आपण स्वतः नक्की करायचं आवाज कशाचा आहे आणि मगच पाना लावू द्यायचा.

पहिली गोष्ट, आवाजाची जात ओळखा. घर्रर्र किंवा हूंऽऽ असा सलग आवाज, स्पीडबरोबर वाढणारा, तो बहुतेक बेअरिंगचा नाहीतर टायरचा. स्टेअरिंग फुल्ल कापून गाडी हळू पुढं घेतली की टक टक टक टक असा मोजून यावा तसा आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलेलं असतं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं, खाली वाकून बघितलं की दोन मिनिटांत निकाल. गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवलं की कट्ट करून स्प्रिंग उडी मारल्यासारखं होत असेल तर वरच्या स्ट्रट माउंटिंगचं बेअरिंग (स्ट्रट म्हणजे चाकावरची स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी). जुन्या, ऑइलवाल्या पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत फुल्ल कट मारून धरून ठेवलं की कुंईऽ होतं, ते पंपाचं, आधी ऑइल बघा, आणि तसं धरून ठेवायची सवय सोडा, पंपावर सगळा दाब येतो. नवीन इलेक्ट्रिक स्टेअरिंगला ऑइलच नसतं, तरी "स्टेअरिंग ऑइल टाकलं" असं बिलात लिहिलेलं मी एकाच्या गाडीचं बघितलंय.

घासल्याचा, पत्र्यावर खिळा ओढावा तसला चर्रर्र आवाज असेल तर घाबरायच्या आधी डिस्कच्या मागचा पातळ पत्रा बघा, त्याला डस्ट कव्हर म्हणतात. डिस्क आणि तो पत्रा यात बारीक खडी अडकते. रिंगरोडला काम चाललेलं असायचं तेव्हा माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीला हे आठवड्यातून एकदा व्हायचं, गाडी थोडी रिव्हर्स घेऊन परत पुढं घेतली की खडा पडून जायचा. पत्राच वाकला असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरनं जरा मागं रेटायचा, बास. आमच्या एका पाव्हण्यांनी याच आवाजासाठी दोन्ही डिस्क बदलून घेतल्या होत्या.

ब्रेक पॅड संपत आले की त्यावरची लोखंडी पट्टी डिस्कला लागून किंचाळते. पॅडचा मसाला तीन मिलिमीटरच्या खाली आला असेल तर आवाज असो नसो, बदलून टाका. पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी खरखर येते, ती चार ब्रेक मारले की जाते, तिच्यासाठी गॅरेजला जाऊ नका. आणि गळीत हंगामात आपल्याकडं एक खास प्रकार, उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या कांड्यावरनं गाडी जाते आणि पाला नाहीतर कांडं चाकाच्या आतल्या प्लॅस्टिक लायनरमधे जाऊन बसतं, फुल्ल टर्नला टायर त्याला घासतो. हसू येईल, पण जॅक लावायच्या आधी हात घालून बघायला काय जातंय.

माझा आवाज यातला कुठलाच नव्हता, तो सरळ पहिल्या जातीचा. मग प्रश्न एवढाच की इंजिन-गिअरबॉक्स, टायर का बेअरिंग, आणि बेअरिंग असलं तर कुठल्या बाजूचं.

इंजिन बाजूला काढायला हायवे बरा. रविवारी सकाळी सहाला कागलच्या दिशेला सपाट, मोकळा पट्टा बघून साठला नेली, मागं कोणी नाही बघून क्लच दाबून गिअर न्यूट्रल केला, इंजिन खाली आलं तरी घूंऽऽ तसाच. म्हणजे आवाज चाकाच्या फिरण्याशी बांधलेला, इंजिनशी नाही. (हे घाटात उतारावर करू नका, न्यूट्रलला इंजिनचा ब्रेक राहत नाही. सपाटीलाच.) मग त्याच पट्ट्यात लेनमधल्या लेनमधे हलकं उजवीकडं, हलकं डावीकडं. उजवीकडं घेतलं की वाढतो, डावीकडं घेतलं की विरतो.

यात फसायला होतं म्हणून सांगतो. उजवीकडं वळताना आवाज म्हणजे उजवं चाक असं डोक्यात येतं, आणि तसं नसतं. एसटीत उभं असताना गाडी उजवीकडं वळली की आपण सगळे डावीकडं कलंडतो, तसंच गाडीचं वजनपण बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर जातं, आणि दुखरं बेअरिंग वजन पडलं की ओरडतं. माझ्या गाडीत म्हणूनच क्लीनर साईड. अगदी शंभर टक्के नियम नाही हा, बेअरिंगमधे गोळ्यांच्या दोन रांगा असतात, कुठली रांग खराब त्यावर कधीतरी उलटंही होतं, पण सुरुवात इथूनच करायची.

आणखी एक सोपी टेस्ट आपल्याकडं फुकट आहे ती म्हणजे सर्कल. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, त्यामुळं सर्कलला घड्याळाच्या काट्यासारखं फिरतो, म्हणजे सगळं वळण उजवीकडचं आणि सगळं वजन डाव्या चाकांवर. पहाटे कावळा नाक्याला ताराराणींच्या पुतळ्याभोवती मी तीन चकरा मारल्या, बायको शेजारी बसून खिडकी खाली करून कान देत होती आणि चहाच्या टपरीवरचा माणूस आमच्याकडं बघत होता. तिचं म्हणणं, "तुमच्या पायाखालनं न्हाई, माझ्या पायाखालनं येतंय." चालवणाऱ्याला बाजू कळत नाही, आवाज तळाच्या पत्र्यातून सगळीकडं पसरतो, शेजारी कुणीतरी बसवा.

टायरचं राहिलं. टायर लाटा-लाटांनी झिजला असेल तर तो अगदी बेअरिंगसारखाच घुमतो आणि लोक उगाच बेअरिंग बदलतात. तळहात टायरवर पुढं एकदा, मागं एकदा फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर संशय टायरवर घ्या, पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं टाकून बघा. आवाज मागं गेला तर टायर, जागेवरच राहिला तर बेअरिंग. माझा जागेवर राहिला.

आता जॅक. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही, काढलेली स्टेपनी चौकटीखाली सरकवून ठेवायची. चाक वर-खाली म्हणजे बाराला आणि सहाला धरून हलवायचं. लडबड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर लडबड गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट नाहीतर सस्पेन्शनचं दुसरं काही. तीन आणि नऊला धरून हललं तर टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाला येणारी दांडी. माझं चाक बाराला-सहाला जरासुद्धा हललं नाही. मागच्या गॅरेजवाल्यानं एवढंच करून "बेअरिंग ठणठणीत आहे" असं एकदा सांगितलं होतं मला. लडबड येईपर्यंत बेअरिंगची पार वाट लागलेली असते, आवाज त्याच्या कितीतरी आधी येतो.

लडबड नसेल तर काय करायचं ते मला आमच्या कंपनीतल्या मेंटेनन्सच्या एका म्हाताऱ्या फिटर मामांनी शिकवलं. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. ठीक असलेल्या बाजूला स्प्रिंग मुकी असते. माझ्या क्लीनर साईडला स्प्रिंगमधून तळहातात बारीक खरखर आली, साखरेच्या पोत्यावर हात फिरवावा तशी. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, हाताला स्वच्छ कळत होतं. दोन्ही बाजू लागोपाठ करून बघा, फरक कळतोच.

म्हणजे बेअरिंग गेलेलं हे नक्की. पण ते तर तीनदा बदललेलं. मग ते का जातंय, हे बघायला पाहिजे होतं, आणि तिथं आम्ही सगळेच, म्हणजे मी आणि तिन्ही खेपांचे मिस्त्री, सारखेच आंधळे.

शिवाजी उद्यमनगरात एक जुने मिस्त्री आहेत, शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेला माणूस, आता गाड्यांचं प्रेसचं, म्हणजे घट्ट बसलेले भाग दाबून काढायचं-बसवायचं काम करतात. त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं मामा, मला समोर उभं राहून बघायचंय. म्हणाले, "उभं ऱ्हावा की पाव्हणं, चा घ्या, पर मधी बोलू नका."

काम असं चालतं. एक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा, त्याची कडा खाचेत ठोकलेली असते ती आधी सरळ करायची. मग चाक, कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग, तो तारेनं बांधून टांगायचा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही), डिस्क, एबीएसचा सेन्सर, टाय रॉड, बॉल जॉइंट, स्ट्रटचे दोन बोल्ट आणि नकल बाहेर. नकल म्हणजे ज्यात बेअरिंग बसतं ते ओतीव लोखंड. ते प्रेसखाली ठेवून हब खाली दाबून काढला की हब एकटा येत नाही, बेअरिंगची आतली एक रिंग त्याच्याबरोबर चिकटून येते. ती पुलरनं ओढून काढायची असते. कुणाकुणाकडं पुलर नसतो, मग ग्राइंडरनं रिंगला काप मारतात आणि छिन्नीनं फोडतात, झटपट होतं. आमच्या केसमधे आख्खी गोम इथंच होती.

मामांनी हब प्रेसखाली घेतला आणि जोर लावायची वेळच आली नाही. टक्क करून हब निसटला, रिंग हबवरून बोटांनी सरकली. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ही रिंग इतकी घट्ट असायला पाहिजे की प्रेसशिवाय हलता कामा नये. हब पुसल्यावर दिसलं, जिथं रिंग बसते त्या गोल भागावर एक आडवा काप, नखात अडकेल एवढा खोल, ग्राइंडरचा. कापाच्या कडेला उठलेली धार, आणि बाकी सगळा भाग आरशासारखा चकचकीत, मधे मधे निळसर, म्हणजे रिंग हबवर घट्ट न बसता त्यावर फिरत होती, घासत होती, तापत होती.

पहिल्या खेपेला, २०२१ ला, रिंग फोडताना कुणीतरी हबला काप मारला. दुसरं बेअरिंग त्या उठलेल्या धारेवर वाकडं बसलं, ढिलं झालं, सात महिने टिकलं. पुढची दोन्हीही तशीच गेली. दर खेपेला हब अजून झिजत गेला आणि आम्ही दर खेपेला नवं बेअरिंग त्याच मोडक्या हबवर चढवत गेलो.

मला लाज कशाची वाटली सांगतो. मी मशीन शॉपला इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर, लोकांनी बनवलेले पार्ट दहा मायक्रॉनसाठी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रिजेक्ट करतो आणि स्वतःच्या गाडीचा हब दोन वर्षांत एकदा मापला नाही. तो हब दुसऱ्या दिवशी कंपनीत नेला, नवीन हब विकत घेतला होता तो शेजारी ठेवला आणि दोन्ही त्याच जागी मापले. जुना नव्यापेक्षा पन्नास मायक्रॉन लहान. आकडा ऐकायला काहीच नाही, पण ही घट्ट बसवणूकच मुळात थोड्याफार मायक्रॉनांची असते, त्यातले पन्नास गेल्यावर शिल्लक काय राहतंय.

जुना हब वेल्डिंग भरून लेथवर टर्निंग करून देतो असं एकानं सुचवलं, आपल्याकडं उद्यमनगरात काय वाट्टेल ते बनतं हे खरं आहे, पण चाकाच्या हबला मी ते करणार नाही, तुम्हीही करू नका. नवीन हब फार महाग नसतो.

बसवताना मामांनी दोन गोष्टी केल्या त्या तुमच्या मिस्त्रीला आधीच विचारून घ्या. बेअरिंग नकलमधे दाबताना प्रेसचा जोर बाहेरच्या रिंगवरच, आणि त्यासाठी त्यांनी जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग जराशी घासून ठोकळ्यासारखी वापरली. नंतर हब आत दाबताना खालून आतल्या रिंगला टेकू दिला. हे उलटं केलं, किंवा हातोड्यानं ठोकलं, तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. नवंकोरं बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच मेलेलं असतं, चार-सहा महिन्यांनी कळतं एवढंच. या खेपेला निघालेलं, म्हणजे तिसऱ्यांदा टाकलेलं बेअरिंग कापून बघितलं तर त्यात असले खळगेही होते, सारख्या अंतरावर, गोळ्यांच्या मापानं मोजून ठेवल्यासारखे. म्हणजे तिसऱ्या खेपेला दोन्ही चुका एकावर एक.

एबीएसवाली गाडी असेल तर बऱ्याचदा बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकी पट्टी असते, ते तोंड सेन्सरकडंच यायला पाहिजे. उलटं बसलं तर एबीएसचा लाईट लागतो आणि सगळं परत खोलावं लागतं. सर्कलिप (बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी रिंग) परत खाचेत नीट बसली का ते बघायचं. आणि एक्सलचा नट नवीनच, जुना परत नाही. तो टॉर्क पान्यानं (पिळाचा जोर मोजणारा पाना), तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे दिलेल्या आकड्याला घट्ट करायचा, छोट्या गाड्यांनाही तो दीडशे न्यूटन मीटरच्या वर असतो, "अंगाचा जोर लावला" म्हणजे टॉर्क नव्हे. याच नटानं बेअरिंगच्या आतल्या दोन्ही रिंगा एकमेकीला दाबून धरलेल्या असतात, ढिला राहिला तर त्या मोकळ्या होतात. नट टॉर्कला लागल्याशिवाय गाडी चाकावर उभी करून ढकलायचीसुद्धा नाही, गॅरेजमधे जागा करायला गाडी तशीच ढकलतात, मी डोळ्यानं बघितलंय. शेवटी नटाची कडा खाचेत ठोकायची.

स्ट्रटचे बोल्ट काढल्यामुळं चाकाचा कोन जरा बदलतो, म्हणून अलाइनमेंट करून घेतली. खर्चाचं म्हणाल तर हब, बेअरिंग, नट, प्रेस आणि अलाइनमेंट धरून चार हजारांच्या आत भागलं. आधीच्या तीन खेपांची बेरीज याच्या दुपटीच्या पुढं जाते, ती मी घरात सांगितलेली नाही.

संध्याकाळी गाडी घेऊन वाघबीळमार्गे पन्हाळ्यावर गेलो, चढ-उतार, दोन्ही बाजूची वळणं, खिडक्या खाली. काही नाही. हजार किलोमीटरनंतर परत जॅक लावून स्प्रिंगवर हात ठेवून बघितला, मुकी. पावसाळा आला तसा गेला, बहिणीकडं जायला पाणी उतरेपर्यंत थांबलो.

जुना हब मी भंगारात टाकणार होतो, मामांनी ठेवून घेतला. प्रेसच्या वर खिळ्याला अडकवलाय, कुणी बेअरिंग घेऊन आलं आणि घाई करायला लागलं की काढून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, ह्यो काप नखानं चाचपून बघा पाव्हणं, तोवर मी पुलर शोधतो.